देश हरवलेल्या डॉक्टरचे ऋण आणि आपण

२६ नोव्हेंबर हा दिवस आपण संविधान दिन म्हणून साजरा करतो. नागपूरच्या संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन होते, उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, विहाराविहारांतून व्याख्याने होतात. २०१९ साली संविधान स्वीकृतीला सत्तर वर्षे पूर्ण झाली. बरोबर त्याच दिवशी, हिमाचल प्रदेशातील धर्मशाळेत ९२ वर्षांच्या एका भिक्खू-वैद्याने अखेरचा श्वास घेतला. त्यांचे नाव डॉ. येशी धोंडेन. आपल्याकडे त्या दिवशी कुणाला त्याची खबर नव्हती. खरे सांगायचे तर मलाही नव्हती.

मला त्यांची ओळख झाली ती नागपुरातच, आणि तीही स्वेटरच्या दुकानात. दर हिवाळ्यात तिबेटी मंडळी स्वेटर, शाली, जॅकेटे घेऊन आपल्या शहरात येतात. धंतोलीतले कार्यालय बंद करून एका संध्याकाळी मी मुलीसाठी स्वेटर घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या कापडी भिंतीवर दलाई लामांच्या तसबिरीशेजारी आणखी एका वृद्ध भिक्खूचा लहानसा फोटो लावलेला होता. हे कोण म्हणून मी दुकानातल्या बाईंना विचारले. त्या अस्सल झाडीपट्टीच्या मराठीत म्हणाल्या, "हे आमचे डॉक्टर होत दादा. माझ्या आईले यायनच औषध देल्लं होतं." मी चकितच झालो. बाई तिबेटी, पण जन्म गोठणगावचा. त्यांची आई डोंगर ओलांडून भारतात आलेली, आणि लेक मराठी बोलणारी!

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल की आपल्या विदर्भातच तिबेटी शरणार्थ्यांची एक वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ ती आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९७० च्या दशकात ती वसली तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. बर्फाच्या मुलखातून आलेली ही माणसे विदर्भाच्या उन्हात धानाची शेती शिकली आणि हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकू लागली. आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो, भाव पाडून मागतो आणि निघून जातो. तेही बुद्धाची लेकरे आहेत आणि आपणही, एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. त्या संध्याकाळनंतर मी या डॉक्टरांविषयी मिळेल ते वाचले. जे वाचले त्यावरून काही प्रश्न मनात उभे राहिले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

येशी धोंडेन यांचा जन्म १९२७ चा, ल्हासाच्या दक्षिणेकडील ल्होका प्रांतातला. लहानपणीच ते विहारात दाखल झाले आणि पुढे ल्हासात वैद्यक शिकले. त्यांचे गुरू ख्येनराब नोर्बू हे तिबेटी वैद्यकातले मोठे नाव. १९१६ मध्ये ल्हासात 'मेन्-त्सी-खांग' ही वैद्यक आणि ज्योतिष शिकवणारी संस्था सुरू झाली, तिचे ते प्रमुख. ल्हासातल्या चाकपोरी टेकडीवर त्याहून जुने, १६९६ पासूनचे वैद्यक विद्यालय होते. १९५९ च्या मार्चमध्ये चिनी सैन्याविरुद्ध उठाव झाला, तोफा डागल्या गेल्या आणि चाकपोरी उद्ध्वस्त झाले. दलाई लामा महिनाअखेरीस भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसे हिमालय ओलांडून आली. त्यात तरुण येशी धोंडेन होते. घर, विहार, विद्यालय, ग्रंथ सारे मागे राहिले. सोबत आली ती फक्त डोक्यातली विद्या.

पुढचे दिवस कसे होते याची कल्पना आपल्या समाजाला सहज येईल. थंड पठारावर जगलेली ही माणसे उष्ण आणि दमट छावण्यांत कोंबली गेली. क्षयाने, पोटाच्या विकारांनी पटापट आजारी पडू लागली. अनेकांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर दगड फोडायला जावे लागले. अशा वेळी वैद्य म्हणजे माणसाला जगवणारा एकमेव आधार. १९६१ मध्ये धर्मशाळेत 'मेन्-त्सी-खांग' नव्याने उभी राहिली. ती उभारण्याची आणि पहिले विद्यार्थी घडविण्याची जबाबदारी येशी धोंडेन यांच्यावर आली. सुमारे दोन दशके, १९८० पर्यंत, ते दलाई लामांचे वैद्य होते. पण त्यांचे मोठेपण मला त्या पदात दिसत नाही. राजाचा वैद्य होणारे इतिहासात पुष्कळ झाले. मॅक्लिओडगंजला त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला आणि वयाची नव्वदी उलटेपर्यंत तो चालवला, यात त्यांचे मोठेपण आहे. त्या दवाखान्यासमोर पहाटेपासून रांग लागे. रांगेत तिबेटी असत, हिमाचलचे पहाडी शेतकरी असत, दिल्ली-पंजाबहून आलेले कर्करोगाचे रुग्ण असत, परदेशी पाहुणेही असत. ज्या देशाने आसरा दिला त्या देशाच्या लोकांची नाडी हातात घेऊन हा माणूस जवळजवळ साठ वर्षे बसला. २०१८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा राष्ट्रपतीपदी रामनाथ कोविंद होते. एका शरणार्थी बौद्ध वैद्याचा सन्मान अस्पृश्य समाजातून आलेल्या राष्ट्रपतींच्या हातून व्हावा, हे बाबासाहेबांच्या संविधानामुळेच घडू शकले.

येथे तथागतांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. विनयपिटकातील महावग्गात तो आला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत होता. आनंदासह फेरी मारताना भगवंतांनी त्याला पाहिले. तुझी सेवा करायला कुणी नाही का, असे विचारले. तो म्हणाला, मी संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून भिक्खू माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी उपदेश करीत बसण्याआधी पाणी मागवले. स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून विचारले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आई नाही, बाप नाही, सेवा करणारे कुणी नाही. शरणार्थ्याची व्याख्या याहून नेमकी कोणत्या कायद्यात सापडेल? आणि सम्राट अशोकाने तर हा धम्म शिलालेखात कोरून ठेवला. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे सांगितले आहे. ती सोय फक्त स्वतःच्या राज्यात नव्हे, तर चोल, पांड्य, ताम्रपर्णी अशा शेजारच्या मुलखांतही केली. रोग्याला राज्याची सीमा विचारायची नाही हा आपला, बौद्धांचा, दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा राज्यकारभार आहे.

काही मित्र म्हणतील, तिबेटी लामांशी आपला काय संबंध? आपला धम्म बाबासाहेबांचा, चिकित्सेचा. त्यांना मी आठवण करून देतो की तिबेटचा प्रश्न बाबासाहेबांनी १९५४ सालीच ओळखला होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशीलाच्या नावाखाली ल्हासा चीनच्या हाती जाऊ देण्यावर कडक टीका केली होती. ज्यांच्या राजकारणात नीतीला जागा नाही त्यांच्याशी पंचशीलाचा करार करून काय साधणार, हा त्यांचा सवाल होता. पाचच वर्षांत तो खरा ठरला.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. निर्वासितपण म्हणजे काय हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीत, मला मायभूमीच नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. आणि पुढचा इतिहास तर आपल्या मुलांना पाठच असायला हवा. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेचे दरवाजे बंद झाले तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्र समाजाने बाबासाहेबांना निवडून पाठवले. फाळणीत तो भूभाग पाकिस्तानात गेला, बाबासाहेबांची जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. ज्यांच्या मतांवर ते प्रथम संविधान सभेत पोहोचले, त्या समाजाची लाखो माणसे पुढे निर्वासित झाली. त्यातली काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेराकडे वसवली गेली. बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्रात त्यांना ते प्रमाणपत्र मिळत नाही. आपल्या मोर्चांत या मागणीला किती वेळा जागा मिळाली?

वकील म्हणून एक गोष्ट नोंदवतो. भारतात शरणार्थ्यांसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. दशकानुदशके पर्यटक, घुसखोर आणि जीव वाचवून आलेला माणूस या तिघांनाही १९४६ चा परकीय नागरिक कायदा एकाच मापाने मोजत होता. मग या माणसांचे रक्षण केले कुणी? संविधानाने केले. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये 'नागरिकांना' आहेत, पण अनुच्छेद १४ ची समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क 'कोणत्याही व्यक्तीला' आहे. या एका शब्दावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातील चकमा बांधवांना वाचवले. चकमा हेही बौद्ध आहेत, १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेले. त्यांना हुसकावून लावण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या. त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे न्यायालयाने बजावले. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक आहे असा निर्वाळा दिला. आमच्या स्वेटरवाल्या बाईंना हा निकाल ठाऊक नव्हता. मी सांगितला तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतला.

आता सरकारचा न्याय पाहा. येशी धोंडेन गेल्यावर अवघ्या सोळा दिवसांत, १२ डिसेंबर २०१९ रोजी, नागरिकत्व सुधारणा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बौद्धांचे नाव आहे, पण तिबेटमधून आलेल्या बौद्धाचे नाव नाही, म्यानमारमधून आलेल्याचे नाही. मुसलमान तर धर्म पाहूनच वगळले गेले. ज्या समाजातील वैद्याला पद्मश्री देताना आदल्याच वर्षी टाळ्या वाजल्या, तो समाज कायदा करताना आठवला नाही. दुःखाला धर्म आणि देश विचारणारा कायदा अशोकाच्या चक्राला शोभत नाही. त्यांच्या विद्येचीही हीच गत झाली. १९६१ पासून हे लोक रुग्ण तपासत होते, आणि त्यांच्या 'सोवा-रिग्पा' वैद्यकाला भारतीय कायद्यात स्थान मिळाले २०१० मध्ये. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे!

हे दुःख एकट्या तिबेटचे नाही. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर व्हिएतनाममधून लाखो माणसे लहान होड्यांतून समुद्रात उतरली. जी वाचली ती अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात पोहोचली. त्यांत डॉक्टरही होते. परक्या भाषेत पुन्हा परीक्षा देऊन त्यांनी दवाखाने थाटले आणि आधी आपल्या निर्वासित बांधवांना तपासले. व्हिएतनामचे भदंत थिच न्हात हान्ह १९६६ मध्ये शांततेसाठी बोलायला देशाबाहेर पडले, ते २००५ पर्यंत मायदेशी जाऊ शकले नाहीत. तरीही त्यांनी करुणेचेच काम केले. देश हरवलेल्या माणसाने सूड शिकावा असे जगाचे गणित सांगते. या बौद्धांनी सेवा शिकवली.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचे लिहिणे अपुरे राहील. डॉ. धोंडेन यांचा गौरव म्हणजे नाडी पाहून कर्करोग बरा होतो या दाव्याला होकार नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांच्या औषधांची स्तनाच्या कर्करोगावर एक प्राथमिक चाचणी झाली होती. ती मोजक्याच रुग्णांवरची होती, आणि तेवढ्यावरून औषध लागू पडते असे म्हणता येत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले तेच येथेही लागू आहे. परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू थोर आहे म्हणून मानू नका. ज्या बहिणीला स्तनात गाठ लागते तिने मेडिकलला किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जावे, आणि आजच जावे.

मग त्यांच्याकडून घ्यायचे काय? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रिचर्ड सेल्झर या शल्यचिकित्सकाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक आठवण लिहिली आहे. डॉ. धोंडेन त्यांच्या रुग्णालयात आले होते. एका रुग्ण स्त्रीच्या खाटेशी उभे राहून त्यांनी कितीतरी वेळ तिचा हात हातात धरला आणि नाडी पाहिली. शेवटी त्यांनी केलेले निदान तेथील डॉक्टरांच्या निदानाशी जुळले याचे सेल्झरना आश्चर्य वाटले. पण त्याहून अधिक त्यांना जाणवले ते त्या हाताचे थांबणे. परका भिक्खू, परकी बाई, भाषा वेगळी, आणि तरीही या माणसाला दुसरे कुठे जायची घाई नाही. निदानाची गोष्ट आपण बाजूला ठेवू. तो थांबलेला हात मात्र आपल्याला हवा आहे.

कारण मी धंतोलीत बसतो. धंतोली म्हणजे विदर्भाचा दवाखाना. एका गल्लीत चार-चार रुग्णालये आहेत. चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून माणसे येतात. पेशंट आत आणि नातेवाईक बाहेर फुटपाथवर, पिशवीत भाकरी बांधून. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांतही अशी माणसे असतात. अर्जुनी मोरगावकडचा एक शेतमजूर बायकोच्या उपचारासाठी एका खासगी रुग्णालयात आला. बिल भरायला अडीच एकरातले एक एकर गहाण टाकले, आणि ते कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याने मला विचारले, "वकीलसाहेब, डॉक्टर माझ्याशी एकदाही बोलले नाही. तिले काय झालं होतं ते तुम्ही कागदावरून वाचून सांगता का?" मी कायदा वाचू शकतो, रिपोर्ट वाचू शकत नाही. त्याला समजेल अशा भाषेत पाच मिनिटे कुणी बोलले असते तर त्याचे एकर वाचले नसते कदाचित, पण त्याचे माणूसपण वाचले असते.

आणि आता धंतोली फक्त इतरांची राहिलेली नाही. बाबासाहेबांनी शिकण्याचा हक्क दिला, आरक्षणाने मेडिकल कॉलेजचे दार उघडले, आणि आपल्या मुलामुलींच्या नावाच्या पाट्या येथे लागल्या. त्या पाट्या पाहून ऊर भरून येतो. म्हणूनच विचारतो, ज्या वस्तीने वर्गणी काढून पुस्तके घेऊन दिली त्या वस्तीत आपण आठवड्यातून एकदा तरी जातो का? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आपले डॉक्टर मोफत तपासणीचे स्टॉल लावतात, त्यांना माझा मनापासून जयभीम आहे. पण आजार फक्त दसऱ्याला येत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्यांनी मला दगा दिला असे सांगताना बाबासाहेबांचा कंठ दाटून आला होता. तो कंठ अजून मोकळा झालेला नाही. येशी धोंडेन यांच्यावर या देशाचे कोणते आरक्षण, कोणती शिष्यवृत्ती होती? त्यांना मिळाला फक्त आसरा. त्याच्या बदल्यात त्यांनी साठ वर्षे दिली. आपल्याला मिळाले त्याच्या बदल्यात आठवड्यातले दोन तास फार होतात काय?

तेव्हा येत्या २६ नोव्हेंबरसाठी माझी सूचना साधी आहे. उद्देशिका वाचून झाल्यावर प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. वस्तीतील आणि धंतोलीतील आपल्या डॉक्टरांनी त्यात आठवड्यातला एक वार आणि दोन तास लिहावेत, आणि त्या वारी विहारात बसावे. नर्सभगिनींनी, औषध दुकानदारांनीही आपापले लिहावे. आम्हा वकिलांनी एक वार लिहावा, आणि तो महिन्यातून एकदा गोठणगावात आणि मुलचेऱ्यात जाऊन बसण्यासाठी लिहावा. कुणाचे जन्माचे दाखले अडले आहेत, कुणाचे जातीचे प्रमाणपत्र, कुणाचा पासपोर्ट. ही कामे मोर्चाने होत नाहीत, अर्ज लिहून आणि पाठपुरावा करून होतात. आणि आपल्या संघटनांनी निवेदनाच्या मागण्यांत एक ओळ वाढवावी, की धर्म न विचारता जीव वाचवून आलेल्या प्रत्येकासाठी देशाने शरणार्थी कायदा करावा.

यंदाच्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या दुकानात जाणार आहे. गेल्या वर्षी भाव पाडून स्वेटर घेतला होता, तो फरक बाईंना परत द्यायचा आहे. त्या घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मग विहारातल्या पहिल्या तपासणीच्या दिवशी त्यांच्या आईला घेऊन या, एवढे सांगून येईन.